जेवणाच्या सुट्टीतली उड्डाणं

बाई आयुष्यात कधी विमानात बसल्या नाहीत. बसायचं नुसतं म्हटलं तरी त्या विषय बदलायच्या. पण ढगात शिरल्यावर वैमानिकाने काय करायचं, हे त्यांनी इतक्या पोरांना शिकवलं होतं की डोक्यावरून एखादं विमान घरघरत गेलं, की कपाळावर आडवा हात धरून त्या म्हणायच्या, "हा आपल्यातलाच. वळताना नाक पाडतो मेला अजून."

त्या शिकवायच्या पेटीत. लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात, विमानं ठेवायच्या हँगरच्या मागे एक लांबट खोली होती आणि तिच्या मधोमध ही पेटी. लाकडाची, निळ्या रंगाची, ठेंगणे पंख आणि आखूड शेपटी असलेली. एका खांबावर बसवलेली. पोटाखाली चार भाते, लोहाराकडे असतात तसे, आणि शेजारच्या खोलीतला पंप त्यांतली हवा ओढायचा. आत बसलेल्याने दांडी डावीकडे रेटली की एक भाता बसायचा, समोरचा फुगायचा आणि पेटी डावीकडे कलायची. वरून झाकण लावलं की आतल्याला बाहेरचं जग बंद. समोर फक्त तबकड्या: उंची, वेग, दिशा आणि वळण दाखवणारी बारीक सुई. बाहेर टेबलाशी बाई, कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. टेबलावर नकाशा पसरलेला आणि त्यावर तीन चाकांचं एक चिमुकलं यंत्र शाईची रेघ ओढत सरकायचं, आतला जसा उडेल तसं. त्याला सगळे खेकडा म्हणायचे. पोरगं चुकलं की खेकडा नकाशातल्या डोंगरात घुसायचा आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "मेलास. बाहेर ये, पाणी पी."

बाई मुळात तिथल्या टेलिफोनवर कामाला होत्या. जुन्या प्रशिक्षकाने एकदा त्यांचा आवाज ऐकला. एका विमानाला आग लागली होती, चहूकडे आरडाओरडा चालला होता आणि बाई मात्र भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात अग्निशामक गाडी मागवत होत्या. तो म्हणाला, ही बाई मला पेटीवर पाहिजे. काम बाकीचं शिकता येतं, असा आवाज शिकवता येत नाही. तेव्हापासून बाई तिथल्या झाल्या. पोरं त्यांना बाईच म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

त्यांचा नवरा बस ड्रायव्हर होता. जेवताना तो म्हणायचा, "आपल्या घरात दोघंही दिवसभर चालवतात. मी निदान शेवटच्या स्टॉपपर्यंत तरी पोचतो. तुझं विमान सकाळी जिथे, तिथेच संध्याकाळी."

"माझ्या विमानातला कुणी खरा मरत नाही," बाई म्हणायच्या. "तुझ्या बसमध्ये लोक रोज अर्धमेले होतात."

असं बरं चाललं होतं.

मग एका तुकडीत लांब्या आला. उंचच्या उंच पोरगा, पेटीत बसला की गुडघे तबकड्यांना टेकायचे, म्हणून बाईंनीच त्याला ते नाव ठेवलं. त्याचा थोरला भाऊ नावाजलेला वैमानिक होता. प्रवेशाच्या व्हरांड्यात त्याचा फोटो टांगलेला, आणि लांब्याला रोज त्याच्या खालून आत यावं लागे. मोकळ्या आकाशात लांब्या छान उडायचा. पण पेटीचं झाकण बंद झालं की त्याचं कुठेतरी काहीतरी तुटायचं.

पहिले काही दिवस त्याने निभावून नेलं. एके दिवशी बाकीची पोरं जेवायला गेली होती, त्याची पाळी शेवटची होती, आणि हेडफोनमध्ये बाईंना त्याचा श्वास ऐकू यायला लागला. धाप लागल्यासारखा.

"बाई, झाकण काढा."

"काढते. आधी वेग वाचून दाखव."

"काढा ना बाई."

"वेग किती?"

 आतून झाकणावर बुक्के बसायला लागले. बाईंनी धावत जाऊन ते उघडलं. लांब्या बाहेर आला तो सरळ जमिनीवर बसला, आणि गुडघ्यात डोकं घालून लहान मुलासारखा रडायला लागला. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून पंपकाका दारात आले. पंप सांभाळणारा हा म्हातारा होत चाललेला माणूस, तोंडात सदानकदा लवंग. त्यांनी पाहिलं, बाईंकडे बघून मान हलवली आणि मागे फिरले.

"आता तुम्ही मला घरी पाठवणार," लांब्या म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"नियमच आहे. झाकणाखाली जो बसू शकत नाही तो घरी."

"मी सांगितलं तर नियम. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही." बाईंनी आपला रुमाल त्याच्यापुढे धरला. "नाक पूस. उद्या सगळे जेवायला गेले की ये. डबा घेऊन ये, उपाशीपोटी भीती जास्त वाटते."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दोघांची उड्डाणं सुरू झाली. बाईंनी झाकण लावलंच नाही. अर्धं उघडं ठेवलं, त्यातून लांब्याचा खांदा दिसेल एवढं, आणि टेबलाशी बसून गप्पा मारायला लागल्या. घरी कोण असतं, लहानपणी कुठल्या झाडावरून पडलास, भावाशी भांडलास की आई कुणाची बाजू घेते. मध्येच विचारायच्या, "उंची?" तो सांगायचा. "दिशा?" तो सांगायचा. परत गप्पा. रोज झाकण बोटभर खाली. पंपकाका पंप लावून देऊन तिथेच स्टुलावर बसायचे आणि आपल्या डब्यातलं लांब्याच्या डब्यात टाकायचे.

"बाई, मला वाटतं मी उजवीकडे पडतोय," लांब्या म्हणायचा.

"वाटू दे. सुई काय म्हणते?"

"सुई म्हणते सरळ आहे."

"मग तू सरळ आहेस. ढगात तुझं अंग थापा मारतं रे, सगळ्यांचंच मारतं. ते काय म्हणतंय ते ऐकून घ्यायचं आणि सुई सांगेल तसं करायचं. चारचौघात बडबड्या मामाचं करतो ना, तसं."

तो आत हसला. तो हसला, त्या दिवशी झाकण पूर्ण बंद झालं आणि त्याला कळलंही नाही.

लांब्या पास झाला, चांगला पास झाला. जाताना पेटीच्या खोलीत आला आणि बाईंच्या पायाशी वाकायला लागला, तर बाईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "ताई," तो म्हणाला. बाई नाही, ताई. "हे कुणाला सांगू नका."

"काय सांगायचंय? जेवणाच्या सुट्टीत तू जेवायला यायचास."

बाईंना भाऊ नव्हता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं की आज मला एक मिळाला.

वर्षं गेली. लांब्या चढत गेला, त्याचं नाव कानावर यायचं आणि बाई लेकीला कौतुकाने सांगायच्या. पेटी म्हातारी झाली. भात्यांना ठिगळं लागली, निळा रंग उडाला. दुसरीकडे पडद्यावर खरोखरचं आकाश दाखवणारी विजेवरची यंत्रं आली होती, आपल्याकडेही येणार अशी कुणकुण होती. बाईंच्या जोडीने तिथे काम करणाऱ्या बाया एकेक करून कमी झाल्या. आणि मग कळलं की नवा प्रशिक्षणप्रमुख येतोय, आणि तो लांब्या.

"आता काळजी नाही," बाई पंपकाकांना म्हणाल्या. "आपलं माणूस आलं."

पहिल्या दिवशी तो सगळ्या खोल्या बघत आला. बरोबर चारपाच अधिकारी. पेटीच्या खोलीत आल्यावर बाई उभ्या राहिल्या, तोंडभर हसू. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, ओळखलं, हे बाईंना स्पष्ट दिसलं. मग त्याची नजर पेटीवर गेली आणि झटकन बाजूला झाली, चटका बसल्यासारखी.

"किती वर्षं चालवता हे?" त्याने विचारलं.

"आपण इथे होतात त्याच्या आधीपासून, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, चारचौघांत आहे, बरोबरच आहे.

दोनतीन दिवसांनी त्याने केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः उठून लावलं. मग मात्र नीट बोलला. लेक कितवीला, घरी कसे आहेत. म्हणाला, "नवं यंत्र येतंय. त्यावरची पहिली खुर्ची तुमची. मी शब्द देतो." बाईंना हायसं वाटलं. फक्त ताई म्हणाला नाही, एवढं खटकलं. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "साहेब झालाय तो. साहेबांना बहिणी नसतात, खुर्ची देतोय ना?" दोघं हसले.

त्या वर्षी सीमेवर काहीतरी धुमसत होतं आणि वैमानिक लवकर हवे होते. तुकडीत एक हसरा पोरगा होता, सगळ्यांचा लाडका, पण ढगात सुईचं ऐकायचा नाही. खेकडा पुन्हा पुन्हा डोंगरात. बाईंनी त्याला नापास केलं, मग पुन्हा एकदा केलं. शेवटी त्या केबिनमध्ये गेल्या. या वेळीही दार लावलेलंच होतं.

"साहेब, हा तयार नाही. अजून वेळ द्या. ढगात गेला तर परत येणार नाही."

"वेळ कुठे आहे बाई? वरून रोज विचारणा होतेय. पोरगं हुशार आहे, उडताउडता शिकेल."

"उडताउडता शिकायची गोष्ट असती तर पेटी कशाला ठेवली असती?"

त्याने पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाला, "सोडा त्याला. जबाबदारी माझी."

बाईंनी सोडलं. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, कारण जबाबदारी घेणारा माणूस झाकणाखालची गोष्ट स्वतः जाणत होता.

हसरा ढगात गेला आणि भोवऱ्यासारखा फिरत खाली आला. हवाई छत्रीने उडी मारली म्हणून जीव वाचला, पाठीचा कणा मोडला. विमान एका टेकडीवर जाऊन फुटलं. पोरगा परत कधी चालला नाही.

चौकशी बसली. लांब टेबल, मध्ये पिकल्या मिशांचे एक वरिष्ठ, बाजूला दोघे, आणि कडेला प्रशिक्षणप्रमुख म्हणून लांब्या. बाईंना बोलावलं तेव्हा त्या निर्धास्त गेल्या. जे झालं ते सांगायचं, सांगायला साहेब आहेतच.

"हा मुलगा तयार नव्हता असं तुम्ही कुणाला सांगितलं होतं?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"हो. साहेबांना." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

लांब्या पुढच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. "तसं बोलणं झाल्याचं मला स्मरत नाही," तो म्हणाला.

बाईंना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"उलट," तो पुढे बोलत राहिला, आवाज एकदम सरळ, "बाईंच्या कामाबद्दल मला आधीपासून काळजी होती. त्या मायाळू आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कच्च्या मुलांना त्या पदरात घेतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गुपचूप बसवतात. झाकण अर्धं उघडं ठेवायचं, गप्पा मारायच्या, मुलाला धीर येईपर्यंत रोज थोडं थोडं लावत न्यायचं. अशाने मूल पेटीत पास होतं आणि ढगात पडतं."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंना कळेना की आपण उभ्या आहोत की बसलेल्या. अर्धं उघडं झाकण. रोज थोडं थोडं. हे त्यांनी एकाच मुलासाठी केलं होतं. त्याच्यानंतर कधी नाही, त्याच्याआधी कधी नाही. पंपकाका सोडले तर जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो समोर बसून सांगत होता.

"हे खरं आहे का?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "एकदा केलं मी असं."

"कुणासाठी?"

बाई लांब्याकडे बघत राहिल्या. त्याने वर बघावं म्हणून त्या थांबल्या. त्याने वर पाहिलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "यांच्यासाठी. हे रडत होते. हे झाकणाखाली बसू शकत नव्हते."

तिघांपैकी एकजण खोकला. लांब्या आता मात्र वर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बाईंनी तो समजून घेतला असता. तो हसला, आजारी माणसाशी हसावं तसं.

"बाईंचा दोष नाही," तो मिशीवाल्यांना म्हणाला. "इतकी वर्षं, इतकी मुलं. माझी कुणाशी तरी गल्लत झाली असेल त्यांची."

"पंपकाकांना विचारा," बाई म्हणाल्या. "ते होते. रोज होते."

पंपकाकांना बोलावलं. ते आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. विचारलं, तेव्हा त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि जावयाला तिथेच चिकटवायचं घाटत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पंपाच्या खोलीत असतो, साहेब. पंपाचा आवाज फार. बाहेरचं काही कळत नाही."

बाईंना नंतर लोक विचारत, तुम्ही ओरडला नाहीत का? नाही ओरडल्या. त्यांना त्या क्षणी भलतंच सुचत होतं: हा माणूस स्वतःच्या डब्यातली भाजी त्याला वाढायचा.

निकाल काय लागणार ते उघड होतं. बाईंना पेटीवरून काढलं आणि कोठारात घोंगड्या मोजायला बसवलं. नव्या यंत्राच्या खुर्चीवर बाहेरून कुणी आलं. बाईंनी काही आठवडे घोंगड्या मोजल्या आणि एका दुपारी किल्ली टेबलावर ठेवून घरी आल्या.

नवरा भडकला. "मी जातो त्याच्या घरी. बायकोपोरांदेखत विचारतो."

"काय विचारशील?"

"का केलंस म्हणून."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी त्याला रडताना पाहिलंय. इथे आल्यापासून तो मला बघायचा तेव्हा त्याला तेच दिसायचं. अपघात झाला नसता तरी त्याने दुसरं काहीतरी काढलं असतं." बोलता बोलता त्यांचा तो प्रसिद्ध आवाज पहिल्यांदा फाटला. "त्याला मी एवढी नको होते, तर परत येऊन गोड कशाला बोलला रे?"

पंपकाका एकदा दारात येऊन उभे राहिले होते. सून आजारी आहे, जावई बेकार आहे, असं काहीबाही बोलले. बाईंनी पाणी दिलं. चहा विचारला नाही. ते गेल्यावर पेला दोनदा घासला.

पुढे बाई मोटार चालवायला शिकल्या, नवऱ्याकडूनच, आणि गावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागल्या. काम उत्तम केलं. पण एक बदल झाला होता आणि तो नवऱ्याला आणि लेकीला दिसायचा. बाई आता कुणाला जादा वेळ देत नसत. भरचौकात गाडी बंद पडली म्हणून एखादी बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली, की त्या घड्याळाकडे बघत आणि रडणं थांबलं की म्हणत, "चला. पहिला गिअर." चुकलं ते चुकलं, नापास तो नापास. शिकणाऱ्यांत त्यांचं नाव पडलं दगडाबाई. 

लेक मोठी झाली, नोकरीला लागली. नवरा निवृत्त झाला आणि काही वर्षांनी गेला. लांब्याही सन्मानाने निवृत्त झाला होता, हे बाईंनी कुठेतरी वाचलं आणि पान उलटलं. मग एके दिवशी लेक म्हणाली, "आई, तुझ्या त्या विमानतळापाशी संग्रहालय काढलंय. जुनी पेटी ठेवली आहे म्हणे. जाऊ या?"

बाई आधी नको म्हणाल्या आणि मग गेल्या.

पेटी चकचकीत रंगवून दोरीच्या कुंपणात ठेवली होती. निळा रंग चुकीचा होता, फार गडद. टेबल होतं, खेकडाही होता, हेडफोन हुकाला टांगलेले. गणवेशातला एक तरुण माणूस दहाबारा जणांना माहिती सांगत होता. त्याने भात्यांचं सांगितलं, सुईचं सांगितलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या इथले एक माजी प्रमुख, फार मोठे वैमानिक. उद्घाटनाला आले तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं. उमेदवारीत ते या पेटीत बसायला इतके घाबरायचे की एकदा रडले. तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने, कडक स्वभावाचे जुने मास्तर होते ते, जेवणाची सुट्टी सोडून त्यांना शिकवलं. झाकण अर्धं उघडं ठेवून. साहेबांचे डोळे भरून आले होते हे सांगताना."

लोक कौतुकाने पेटीकडे बघायला लागले. लेकीने आईचा हात धरला. तिला चौकशीचं माहीत होतं, थोडंफार, बापाकडून ऐकलेलं.

बाई पुढे झाल्या. "ते मास्तर नव्हते," त्या म्हणाल्या. "बाई होती."

"नाही आजी," माणूस अदबीने म्हणाला. "साहेबांनीच सांगितलंय. त्यांना सगळं लख्ख आठवतं."

"आठवतं ना?" बाई म्हणाल्या. "चौकशीच्या टेबलाशी स्मरत नव्हतं." आणि त्या वळून चालायला लागल्या, इतक्या भरभर की लेकीला पळावं लागलं.

बाहेर बसस्टॉपवरच्या बाकावर त्या बसल्या आणि लेकीला सगळं सांगितलं, पहिल्या बुक्क्यापासून शेवटच्या घोंगडीपर्यंत. मध्ये दोन बस आल्या आणि गेल्या. लेक रागाने लाल झाली. "आपण लिहू वर्तमानपत्रात. मी लिहिते. मी सोडणार नाही त्याला."

"लिही हवं तर. तेव्हा मी तोंडाने सांगितलं होतं, टेबलाशी उभं राहून. ऐकणारे चांगले शिकलेसवरलेले होते."

"आई, एक विचारू? तो परत तसाच, कोवळा पोरगा होऊन तुझ्यासमोर बसला, रडत. तर काय करशील?"

 समोरून शाळेची मुलं गेली, एक हातगाडी गेली.

"घरी पाठवीन," त्या म्हणाल्या. "आता पाठवीन." मग त्यांचा चेहरा पडला. "आणि ते चूक आहे, हे मला कळतं गं. तो हसरा पोरगाही, वेळ मिळाला असता तर शिकला असता. सगळेच शिकतात. पण माझ्यात ते उरलं नाही. ते घेऊन गेला तो."

 लेकीने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिसरी बस येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.